हवाई बेटांवरील वरोआ कोळी आणि विकृतपंख विषाणू : एक प्रकरण अभ्यास

२००७ सालच्या एप्रिल महिन्यात हवाईतील ओआहू बेटावर, होनोलुलू शहराच्या आसपास, दुर्लक्षित पडलेल्या काही मधपेट्यांत वरोआ हा परोपजीवी कोळी सापडला. युरोपीय मधमाशी, म्हणजे आपल्याकडचे मधपाळ जिला मेलिफेरा म्हणतात ती, या बेटांवर १८५७ मध्ये जहाजाने आणली गेली होती, आणि त्यानंतरची दीडशे वर्षे ती या कोळ्यापासून पूर्णपणे मुक्त राहिली होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर वरोआ १९८७ पासून ठाण मांडून होता. हवाई मात्र प्रशांत महासागराच्या मधोमध असल्यामुळे आणि तिथे मधमाश्यांच्या आयातीवर कडक बंदी असल्यामुळे वाचली होती. ओआहूनंतर वर्षभरातच, २००८ च्या ऑगस्टमध्ये, ‘बिग आयलंड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या बेटावर, हिलो बंदराच्या परिसरात, तो पुन्हा आढळला. काउआई आणि माउई ही बेटे तेव्हा स्वच्छ होती.

या कोळ्यामुळे पसरणाऱ्या विषाणूविषयी आज जे खात्रीने सांगता येते, त्यातला मोठा भाग या चार बेटांच्या असमान नशिबातून कळलेला आहे. कोळ्यामुळे वसाहती मरतात हे युरोप-अमेरिकेतील मधपाळांना पूर्वीच ठाऊक होते; परंतु कोळी त्या नेमक्या कशा मारतो, हे तिथे तपासता येत नव्हते, कारण तुलनेसाठी लागणाऱ्या कोळीमुक्त वसाहतीच तिथे उरल्या नव्हत्या. हवाईत हवामान तेच, माश्यांचे मूळ वाणही जवळपास तेच, आणि फरक एकच की एका बेटावर कोळी येऊन स्थिरावला होता, दुसऱ्यावर नुकताच येत होता आणि दोन बेटांवर आलेलाच नव्हता. असा प्रयोग ठरवून करणे कोणालाही परवडले नसते आणि कोणी करूही नये.

कोळी आणि त्याचे मूळ घर

वरोआ डिस्ट्रक्टर या कोळ्याची मादी तांबूस-तपकिरी, चपटी, आडव्या लंबगोल आकाराची असते. तिची रुंदी सुमारे १.६ मिलिमीटर आणि लांबी १.१ मिलिमीटर, म्हणजे ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. माशीच्या शरीराच्या मानाने हा परोपजीवी अवाढव्य आहे. तरीही तो चटकन दिसत नाही, कारण प्रौढ माशीवर असताना तो बहुतेक वेळा पोटाच्या खालच्या बाजूला, दोन कड्यांच्या मधल्या फटीत शिरून बसतो, आणि उरलेला काळ मेणाने बंद केलेल्या घरात काढतो.

हे बंद घर हीच त्याची प्रजननाची जागा आहे. अळीचे घर मेणाने बंद होण्याच्या थोडे आधी मादी आत शिरते, अळीच्या अन्नात दडून राहते, आणि घर बंद झाल्यावर साधारण ६० ते ७० तासांनी पहिले अंडे घालते. त्यातून नर निपजतो. पुढे सुमारे तीस-तीस तासांनी घातलेल्या अंड्यांतून माद्या निपजतात आणि त्यांचे मीलन त्याच बंद घरात आपल्याच भावाशी होते. कामकरी माशीचे घर १२ दिवस बंद असते, नर माशीचे १४ ते १५ दिवस. एवढ्या दोन-तीन दिवसांच्या फरकामुळे नराच्या घरातून जास्त तयार माद्या बाहेर पडतात, आणि म्हणूनच कोळी नरांच्या घरांना कितीतरी पटींनी अधिक पसंती देतो. नर-पिल्लांच्या चौकटीवरील मेणाचे झाकण काढून आतला पांढराशुभ्र कोष अलगद बाहेर ओढला, की त्यावर तांबड्या ठिपक्यासारखी मादी आणि तिची फिकट पिल्ले फिरताना दिसतात. घराच्या भिंतीवर कोळ्यांच्या विष्ठेचे पांढरे डागही असतात. हे एकदा पाहिलेल्या मधपाळाला दुसऱ्यांदा ओळखायला अडचण पडत नाही.

या कोळ्याचे मूळ घर मात्र मेलिफेरा नाही. तो आशियातील सेरेना या जातीच्या माशीवर वाढत आलेला आहे, आणि आपल्या सह्याद्रीत पेटीत पाळली जाणारी सातेरी ही त्याच जातीची माशी होय. सातेरीसारख्या माश्यांमध्ये या कोळ्याचे प्रजनन जवळजवळ नर-पिल्लांपुरतेच मर्यादित राहते. कामकरी पिल्लावर कोळी चढला तर माश्या ते पिल्लू काढून टाकतात, फार बाधित नर-कोषाचे घर त्या बंदच ठेवतात आणि आतला कोळी कोषासह तिथेच संपतो. शिवाय एकमेकींच्या अंगावरचे कोळी टिपून काढण्याची सवयही त्यांना आहे. नर-पिल्ले वर्षातून ठरावीक काळातच असल्यामुळे कोळ्याची संख्या आपोआप आवाक्यात राहते. विसाव्या शतकात पूर्व आशियात मेलिफेराच्या पेट्या सेरेनाच्या शेजारी ठेवल्या गेल्या, आणि कोळ्याने घर बदलले. मेलिफेराच्या कामकरी पिल्लांवरही तो सहज वाढू लागला, म्हणजे त्याला वर्षाचे जवळजवळ बाराही महिने मोकळे झाले. २००० सालापर्यंत या कोळ्याला १९०४ मध्ये जावा बेटावरून वर्णिलेली वरोआ जेकबसोनी हीच जाती समजले जात होते. जगभर मेलिफेरावर पसरलेली जाती वेगळी आहे, हे २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन यांनी दाखवून दिले आणि तिला डिस्ट्रक्टर, म्हणजे विनाशक, हे नाव दिले.

ओआहूवर काय घडले

ओआहूवरील नुकसानीचा वेग भयंकर होता. उपचार न केलेल्या ज्या ४१९ वसाहतींची नोंद ठेवली गेली, त्यांपैकी २७४ कोसळल्या. रानातल्या माश्यांचीही तीच गत झाली. हवाईतील लाव्हा खडकांच्या कपारींत आणि झाडांच्या ढोल्यांत मेलिफेराची मोहोळे मुबलक होती, आणि मॅकाडेमियासारख्या बागांच्या परागीभवनाचा भार त्या फुकटच्या माश्या मुकाट्याने वाहत होत्या. त्या कमी होऊ लागल्यावर बागायतदारांना पेट्या भाड्याने आणून ठेवण्याचा विचार करावा लागला.

बिग आयलंडवर राज्याच्या कृषी विभागाने कोळी पुसून टाकण्याचा प्रयत्न केला. हिलोच्या भोवती सापळे लावून भटके थवे पकडले गेले, रानटी मोहोळांसाठी विषारी आमिषे ठेवली गेली. तरीही कोळी वेढ्याबाहेर निसटला आणि २०१० च्या सुमारास तो बेटाच्या पश्चिमेकडील कोना भागात पोहोचला. कोना भाग राणीमाशी-पैदाशीसाठी जगभर प्रसिद्ध आहे. अमेरिका आणि कॅनडातील मधपाळ आपल्या राण्यांचा मोठा वाटा तिथून मागवतात, कारण तिथे हिवाळा नसल्यामुळे वर्षभर राण्या तयार करता येतात. वर्षभर पिल्ले म्हणजे कोळ्यालाही वर्षभर घर. थंड प्रदेशांत हिवाळ्यात पिल्ले थांबतात तेव्हा कोळ्याचे प्रजननही थांबते. हवाईत ती सक्तीची विश्रांती त्याला कधीच मिळत नाही. रानटी मोहोळे मोकळी सोडून केवळ पेट्यांपुरता केलेला बंदोबस्त टिकत नाही आणि रानटी मोहोळांपर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग नाही, या कोंडीत हिलोची मोहीम अडकली असे मला वाटते. तिला निष्काळजीपणाचा दोष देणे अन्यायाचे ठरेल.

विषाणूचा भाग

याच काळात शेफील्ड विद्यापीठातील स्टीफन मार्टिन, हवाई विद्यापीठातील एथेल विलालोबोस, प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतील डेक्लन श्रोडर आणि त्यांचे सहकारी चारही बेटांवरील वसाहतींतून माश्यांचे नमुने गोळा करत होते. त्यांचे निष्कर्ष जून २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी माश्यांमध्ये आढळणारे अनेक विषाणू तपासले, परंतु कोळ्याच्या आगमनाशी ज्याचे नाते निर्विवाद ठरले तो एकच होता, विकृतपंख विषाणू.

हा विषाणू पहिल्यांदा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधून आलेल्या माश्यांमध्ये ओळखला गेला. त्याचा जनुकीय आराखडा आरएनएच्या सुमारे दहा हजार घटकांचा आहे. कोषावस्थेत त्याची तीव्र बाधा झालेली माशी घरातून बाहेर पडते तेव्हा तिचे पंख चुरगळलेले आणि आखूड असतात, पोट आखडलेले असते, रंगही फिका असतो. पेटीच्या दारासमोर अशी माशी उडण्याची धडपड करत पायांनी सरपटत राहते आणि एक-दोन दिवसांत मरते. मात्र पंख शाबूत असलेल्या माश्याही बाधित असू शकतात, आणि त्या दिसत नाहीत म्हणून अधिक घातक ठरतात: त्या लवकर मरतात, त्यांची शिकण्याची आणि वाट लक्षात ठेवण्याची क्षमता मंदावते, अन्न गोळा करायला त्या वेळेआधी बाहेर पडतात. वसाहत कोसळते ती मुख्यतः या न दिसणाऱ्या गळतीमुळे.

कोळी नसलेल्या बेटांवरही हा विषाणू होता, पण सुमारे दहा टक्के वसाहतींतच, अत्यल्प प्रमाणात आणि अनेक वेगवेगळ्या वाणांच्या मिश्रणाच्या रूपात. कोळी आल्यावर तीन गोष्टी बदलल्या. बाधित वसाहतींचे प्रमाण दहा टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर गेले. माशीच्या शरीरातील विषाणूंची संख्या दहा लाख पटींनी वाढली. आणि, माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की वाणांचे वैविध्य नाहीसे होऊन त्यांतील एकच वाण सर्वत्र उरले.

हे समजण्यासाठी विषाणूचा नेहमीचा प्रवास पाहावा लागतो. कोळी नसताना तो माशीकडून माशीकडे मुख्यतः अन्नावाटे जातो, राणीच्या अंड्यांतून आणि नराच्या वीर्यातूनही पुढच्या पिढीत उतरतो. अन्नमार्गाने आलेल्या विषाणूला आतड्याचा अडसर पार करावा लागतो, आणि त्यात बहुतेकांची संख्या फार वाढत नाही. कोळी हा अडसरच काढून टाकतो. तो कोषाच्या आणि माशीच्या त्वचेला भोक पाडून थेट आतल्या द्रवात आणि मेद-ऊतींत तोंड घालतो आणि एकाच सुईने अनेकांना टोचावे तसा एकीचा विषाणू दुसरीच्या शरीरात पोहोचवतो. या नव्या मार्गावर, थेट टोचले गेल्यावर ज्याची संख्या भराभर वाढते ते वाण जिंकते. अन्नमार्गाला सरावलेली बाकीची वाणे मागे पडतात. म्हणजे कोळ्याने नवा विषाणू बाहेरून आणला असे मानण्याची गरज उरत नाही. आधीपासून असलेल्या विषाणूंतून त्याने एकाची निवड केली.

कोळी माशीच्या शरीरातील नेमके काय खातो, हा प्रश्नही इथे येतो. कित्येक दशके असे मानले जात होते की तो माशीचे रक्त, म्हणजे हिमोलिम्फ, शोषतो. २०१९ मध्ये सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रौढ माशीवर तो प्रामुख्याने मेद-ऊतींवर जगतो. कोषावर वाढणाऱ्या कोळ्याच्या आहारात हिमोलिम्फचा वाटा मोठा असतो, असेही पुढील संशोधनातून दिसले आहे. माशीचा मेद-ऊतक म्हणजे केवळ चरबीचा साठा नव्हे. रोगप्रतिकाराची प्रथिने तिथे बनतात, कीटकनाशकांचे विष तिथे निकामी होते, आणि दीर्घायुष्याशी निगडित व्हिटेलोजेनिन हे प्रथिनही तिथेच तयार होते. त्यामुळे विषाणू टोचणारा कोळी त्याच वेळी विषाणूशी लढणारी ऊतीही कुरतडत असतो.

काळाचे अंतर

हवाईच्या नोंदींत एक तपशील असा आहे ज्याकडे प्रत्यक्ष पेटी सांभाळणाऱ्यांनी थांबून पाहायला हवे. कोळी पोहोचल्याबरोबर विषाणूचे चित्र बदलले नाही. बिग आयलंडवर कोळी नव्याने पोहोचलेल्या भागांत विषाणूचे प्रमाण आधी वाढले, परंतु वाणांचे वैविध्य त्या काळात अजून टिकून होते. ओआहूवर, जिथे कोळ्याला अधिक काळ मिळाला होता, तिथे मात्र एकच वाण उरले होते. कोळ्याची संख्या कमी असतानाचे पहिले महिने, कधी वर्षभरही, वसाहत वरवर सुदृढ दिसते, मध देते, थवाही सोडते, आणि मधपाळाची समजूत होते की आपल्या माश्यांना हा कोळी फारसा त्रास देत नाही.

उलट दिशेनेही असेच अंतर पडते. औषधाने कोळी मेले तरी आधीच बाधित झालेल्या माश्या आणि कोष पेटीत असतातच, आणि विषाणूचे प्रमाण कोळ्यांच्या संख्येइतक्या झपाट्याने खाली येत नाही. बाधित पिढी मरून निरोगी पिढी तिची जागा घेईपर्यंत आठवडे जातात. थंड प्रदेशांत शरद ऋतूच्या अखेरीस उपचार करणाऱ्यांच्या वसाहती कोळी नाहीसा होऊनही हिवाळ्यात मरतात त्याचे कारण हेच: हिवाळा काढण्यासाठी जन्मलेल्या दीर्घायुषी माश्या कोषावस्थेतच बाधित झालेल्या असतात. म्हणून चुरगळलेल्या पंखांच्या माश्या दिसण्याची वाट पाहून मग उपचार करणे ही पद्धत मला पूर्णपणे चुकीची वाटते. ते लक्षण दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

त्याऐवजी कोळी मोजणे हा मार्ग आहे, आणि त्याला यंत्रसामग्री फारशी लागत नाही. पिल्लांच्या चौकटीवरून, राणी त्यात नाही याची खात्री करून, अर्धा कप म्हणजे साधारण ३०० माश्या बरणीत घेतात, त्यावर अल्कोहोल ओतून मिनिटभर हलवतात आणि जाळीतून गाळतात. सुटे झालेले कोळी तळाशी मोजता येतात. ज्यांना माश्या मारायच्या नसतील ते पिठीसाखर वापरतात, जरी तिच्यात काही कोळी सुटून जातात. दर शंभर माश्यांमागे तीन कोळी ही अनेक ठिकाणी हस्तक्षेपाची मर्यादा मानली जाते. ज्या हवामानात पिल्ले वर्षभर असतात तिथे ही मोजणी ऋतूवर न सोडता नियमित करावी लागते. हवाईतील राणी-पैदासकारांवर कोळी आल्यापासून हे काम कायमचे येऊन पडले.

उपचारांची कथा गुंतागुंतीची आहे. फ्लुव्हॅलिनेट या कोळीनाशकाच्या पट्ट्या सुरुवातीला अत्यंत परिणामकारक ठरल्या आणि वर्षानुवर्षे त्याच वापरल्यामुळे अनेक देशांत कोळी त्यांना दाद देईनासा झाला. कौमाफॉस हे दुसरे कोळीनाशक मेणात साठून राहते आणि राण्यांच्या वाढीला बाधक ठरते, आणि ज्यांचा व्यवसायच राण्या तयार करण्याचा आहे त्यांच्यासाठी हा दोष लहान नाही. थायमॉल, ऑक्झॅलिक आम्ल आणि फॉर्मिक आम्ल यांपैकी मेणाच्या झाकणाआडच्या कोळ्यापर्यंत पोहोचते ते फॉर्मिक आम्ल. ऑक्झॅलिक आम्ल पिल्ले नसताना उत्तम काम करते, आणि बारमाही पिल्ले असलेल्या प्रदेशात ते एकट्याने पुरत नाही. फॉर्मिक आम्लही उष्णतेत जपून वापरावे लागते, अन्यथा राणी आणि पिल्ले दगावतात.

दुसरे बेट

ब्राझीलच्या किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास फर्नांडो दि नोरोन्हा हे बेट आहे. तिथे १९८४ मध्ये इटालियन वाणाच्या मेलिफेराच्या वीस वसाहती नेल्या गेल्या, आणि त्यांच्यासोबत वरोआही गेला. या माश्यांना कधीही कोळीनाशक दिले गेले नाही, तरी त्या तीन दशकांहून अधिक काळ टिकून राहिल्या. लॉरा ब्रेटेल आणि स्टीफन मार्टिन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वसाहतींत कोळी होते, परंतु विकृतपंख विषाणूचे प्रमाण अतिशय कमी होते.

हवाई आणि नोरोन्हा ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे कोळी आणि विषाणू यांच्या हिश्शाचा हिशोब बराच स्पष्ट होतो. घातक वाणाची साथ नसेल तर मेलिफेराची वसाहत कोळ्याचा भार काही प्रमाणात सोसू शकते. नोरोन्हावरून ‘उपचार थांबवा, माश्या आपोआप कणखर होतील’ असा अर्थ काढणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. ते बेट एकाकी होते, तिथे बाहेरून वसाहती येत नव्हत्या. ज्या प्रदेशात घातक वाण आधीच पसरले आहे, तिथे उपचार सोडणे म्हणजे कोसळणाऱ्या पेटीतील कोळी लूटमार करायला आलेल्या शेजारच्या माश्यांबरोबर पसरू देणे होय.

महाराष्ट्रातील मधपाळाला या प्रकरणाचा संबंध दोन ठिकाणी लागतो. महाबळेश्वर परिसरातील सातेरी या कोळ्याशी जुळवून घेतलेली माशी असली, तरी विषाणूंपासून ती सुरक्षित नाही: १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूने सेरेनाच्या पेट्यांचा मोठ्या प्रमाणावर संहार केला, आणि त्याला पसरायला वरोआची गरज पडली नाही. दुसरे म्हणजे मेलिफेराच्या पेट्या फुलोऱ्यामागे शेकडो किलोमीटर हलवल्या जातात आणि त्यांच्याबरोबर कोळी व विषाणूही प्रवास करतात. सातेरीच्या प्रदेशात मेलिफेराच्या पेट्या उतरवण्यापूर्वी त्या मोजून-तपासून घ्याव्यात, ही मागणी म्हणूनच अवाजवी नाही. हवाईतही विषाणू केवळ मधमाश्यांपुरता राहिला नाही. बिग आयलंडवर मधमाश्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांमध्येही वरोआच्या आगमनानंतर या विषाणूच्या वाणांचे वैविध्य घटल्याचे आढळले.

जून २०२२ मध्ये वरोआ डिस्ट्रक्टर ऑस्ट्रेलियात, न्यूकॅसल बंदराजवळच्या देखरेखीच्या पेट्यांत सापडला. हजारो पेट्या नष्ट केल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या यंत्रणेने कोळी पुसून टाकण्याचे उद्दिष्ट सोडून त्याच्यासोबत राहण्याचे धोरण स्वीकारले. त्याआधीच्या पाहण्यांमध्ये ऑस्ट्रेलियाच्या माश्यांत विकृतपंख विषाणू आढळला नव्हता, म्हणजे कोळी शिरला तेव्हा त्याच्या हाती हवाईतले ते हत्यार नव्हते. त्यामुळे तिथे कोळ्यांच्या मोजणीइतकेच महत्त्व विषाणूच्या नियमित चाचणीला आणि परदेशी राण्यांच्या विलगीकरणाला आहे, कारण कोळी आता देशात पसरत असताना बाहेरून आलेली एकच बाधित राणीही या विषाणूला पसरण्यासाठी पुरेशी ठरू शकते.